नापास झालेले वर्ष

निकाल लागला की गल्लीतल्या घरांची आपोआप वाटणी होते. काही घरांतून पेढ्यांचे पुडे बाहेर पडतात. काही घरांचे दार मात्र दिवसभर लोटलेले राहते. आई स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसते, वडील कुणाचाही फोन घेत नाहीत आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. 'किती मिळाले?' असे विचारायला कुणी येईल, या धास्तीने त्या घरात भर दुपारीही दबक्या आवाजात बोलणे चालते. दरवर्षी याच सुमारास एखाद्या कोवळ्या जिवाने टोकाचे पाऊल उचलल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

आज आपण नापास मुलाच्या अशाच एका घरी जाणार आहोत. हे घर आहे म्हैसूरचे. २०१४ पासून या शहराचे नाव कागदोपत्री 'मैसुरू' झाले असले, तरी मराठी माणसाच्या तोंडी ते अजून म्हैसूरच आहे. काळ साधारण १९२५ चा. घर हेडमास्तरांचे आणि विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झालेला मुलगाही हेडमास्तरांचाच! आता कल्पना करा, गावातल्या मुलांना पास-नापास करणाऱ्याच्या घरात हे घडले. पुढचे वर्षभर तो मुलगा घरीच होता. त्याने ते वर्ष वाचण्यात, लिहिण्यात आणि भटकण्यात घालवले. त्याचे पाळण्यातले नाव रासिपुरम कृष्णस्वामी नारायणस्वामी. जगाने त्याला पुढे आर. के. नारायण म्हणून ओळखले.

'मालगुडी डेज' पाहिलेल्यांना या नावाची वेगळी ओळख करून द्यायला नको. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागली की घरातली लहानथोर सगळी मंडळी एकत्र बसत. शंकर नाग यांचे दिग्दर्शन, गिरीश कार्नाड यांनी रंगवलेले स्वामीचे करारी वडील आणि शीर्षकाबरोबर येणारी आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे अनेकांच्या आठवणीत आजही ताजी असतील. त्या मालगुडी गावाचे बी कुठे रुजले, हे शोधायचे तर नारायण यांच्या विद्यार्थिदशेकडे वळावे लागते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'माय डेज' या आत्मकथनात त्यांनी ते दिवस मोकळेपणाने मांडले आहेत. पुस्तके, संगीत, घरची माणसे आणि रोजचे साधेसुधे जगणे, एवढ्याच शिदोरीवर तो मुलगा कसा उभा राहिला, हे आजच्या आईबापांनी आणि मुलांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

आजीच्या हाताखाली

नारायण यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत झाला. वडील म्हैसूर संस्थानात शिक्षक. त्यांच्या बदल्या होत आणि घरात पाठोपाठ भावंडे येत होती. त्यामुळे हा मुलगा मद्रासच्या पुरसवाक्कम भागात आजीकडे वाढला. आईवडिलांकडे जायचा तो सुटीपुरता. आजी त्याला लाडाने 'कुंजप्पा' म्हणत असे. त्या प्रशस्त घरात त्याला खेळायला एक मोर आणि एक माकड होते, असे नारायण सांगतात. ज्याच्या बालपणात मोर आणि माकड सवंगडी असतील, त्याला गोष्टी सुचायला उशीर का लागावा?

पण ही आजी नुसते लाड करणारी नव्हती. गणित, पुराणकथा, संस्कृत आणि संगीत या चारही विषयांची ती नातवाची घरची मास्तरीण होती. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणून घेणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. गाणे हा तिच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग होता. पाढे यायला हवेत, श्लोक यायला हवेत, तसे गाणेही यायला हवे, इतका तिचा हिशेब साधा होता. आज आपण गाण्याचा क्लास आधी लावतो आणि दहावीचे वर्ष आले की पहिला तोच बंद करतो. त्या आजीला हे पटले नसते.

वाचनाच्या टेबलावर जग

पुढे वडिलांची, आर. व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांची, नेमणूक म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून झाली आणि नारायण आईवडिलांकडे राहायला आले. आजीच्या शांत घरातून ते एकदम भरल्या घरात येऊन पडले. सहा भाऊ आणि दोन बहिणी. वडील शिस्तीचे कडक. आई हौशी होती, टेनिस आणि बुद्धिबळ खेळणारी. त्या काळातल्या एका भरल्या संसारातल्या बाईसाठी ही गोष्ट लहान नव्हती. घरात बरेचसे बोलणे इंग्रजीत चाले आणि कुणाचे व्याकरण चुकले तर कपाळावर आठ्या पडत.

या घराची खरी श्रीमंती होती ती शाळेच्या ग्रंथालयात. वडिलांना वाचनाची दांडगी आवड आणि शाळेसाठी पुस्तके-मासिके मागवण्याचा अधिकारही त्यांच्याच हातात. त्यामुळे 'द स्ट्रँड', 'लंडन मर्क्युरी', 'द बुकमन' यांसारखी परदेशी नियतकालिके म्हैसूरच्या त्या शाळेत येऊन पडत. वाचनालयाच्या टेबलावर पसरलेल्या या मासिकांतून लंडनमध्ये कुणाचे नवे पुस्तक आले, कुणाच्या पुस्तकाचे वाभाडे निघाले, हे या मुलाला घरबसल्या कळत असे. ज्या शहराचे तोंडही पाहिले नव्हते, तिथल्या लेखकांची त्याला बारीकसारीक माहिती झाली.

त्याचे वाचन कुणी आखून दिलेले नव्हते. वॉल्टर स्कॉट, डिकन्स, कॉनन डॉयल, हार्डी, वुडहाउस, जे हाती लागेल ते तो वाचत गेला. शेवट दुःखाचा असला तर पुस्तक अधिकच आवडायचे. मेरी कोरेली या त्या काळच्या लोकप्रिय लेखिकेवर तर तो लट्टू होता. जाणकारांनी नाके मुरडावीत अशा कादंबऱ्या वाचून तो मनसोक्त रडला आहे. विचार करा, 'हे कसले भिकार वाचतोस?' म्हणून वडिलांनी ती पुस्तके हातातून काढून घेतली असती तर? वाचायची सवय आधी लागते, निवड करायची जाण मागाहून येते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली आणि नंतर गंभीर साहित्याकडे वळलेली माणसे काही कमी नाहीत.

रिकामे की मोकळे?

मग आला तो निकाल. प्रवेश परीक्षा हुकली आणि कॉलेजचे दार वर्षभरासाठी बंद झाले.

आजच्या हिशेबाने हे वर्ष वाया गेले. आपल्या घरात असे वर्ष आले तर आपण काय करतो? सकाळी एक क्लास, संध्याकाळी दुसरा, मधल्या वेळेत सराव परीक्षा आणि जेवताना, ज्याला भरपूर गुण मिळाले त्या आतेभावाचे गुणवर्णन. म्हैसूरच्या त्या मुलाच्या वाट्याला मात्र मोकळा वेळ आला.

शहराच्या पश्चिमेला कुक्करहळ्ळीचे तळे आहे. १८६४ साली तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांच्या काळात शेतीला पाणी मिळावे म्हणून ते बांधले गेले. आज त्याच्या काठाने सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि पाण्यातल्या झाडांवर बगळे-करकोचे दाटीवाटीने बसलेले दिसतात. नारायण हातात पुस्तक घेऊन या तळ्याच्या बाजूला भटकत. पालग्रेव्हने संपादित केलेला 'गोल्डन ट्रेझरी' हा इंग्रजी कवितांचा संग्रह आणि रवींद्रनाथांची 'गीतांजली' ही त्या दिवसांतली त्यांची सोबतीची पुस्तके. दुसरे ठिकाण चामुंडी टेकडीचे. सुमारे हजार पायऱ्यांची वाट, अर्ध्याहून अधिक चढ चढून गेल्यावर लागणारा एकाच दगडातला अवाढव्य नंदी आणि खाली पसरलेले गाव. दम खायला टेकावे आणि सगळे म्हैसूर डोळ्यांखाली घालावे, अशी ती जागा आहे.

गावाकडे असे उंचावरून आणि निवांत बघण्याची सवय त्याला पुढे किती कामाला आली, हे मालगुडीच्या वाचकांना सांगायला नको. मिठाईवाला, छापखानेवाला, रस्त्याकडेला बसणारा सल्लागार, भोंदू साधू, चिडका मास्तर ही नारायण यांची माणसे अभ्यासिकेत बसून सुचणारी नाहीत. ती रस्त्याने पायी हिंडणाऱ्यालाच भेटतात. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावरही म्हैसूरच्या रस्त्यांवरून रोज फिरायला जाणे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारणे त्यांनी सोडले नाही. कामाचा भाग म्हणून ते फिरत आणि फिरण्याची हौस म्हणून काम करत, असे म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या वर्षी, १९२६ मध्ये, ते परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महाराजा कॉलेजात दाखल झाले. तिथेही त्यांची गाडी काही फार वेगाने धावली नाही. बी. ए. व्हायला चार वर्षे लागली, म्हणजे नेहमीपेक्षा एक जास्त. १९३० साली पदवी हातात पडली तेव्हा ते चोविसाव्या वर्षात होते.

त्याच तळ्याकाठी दुसरा एक

याच दशकात याच शहरात मलनाडच्या जंगलपट्टीतून आलेला आणखी एक विद्यार्थी शिकत होता. कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा, म्हणजेच कन्नडचे महाकवी कुवेंपु. नारायण यांच्याहून दोन वर्षांनी मोठे आणि तेही महाराजा कॉलेजचेच. कुक्करहळ्ळीचे तळे त्यांनाही तितकेच प्रिय. त्यांनीही सुरुवात इंग्रजीतून केली होती आणि १९२२ साली त्यांच्या इंग्रजी कवितांचे पुस्तकही निघाले होते. पुढे जेम्स कझिन्स या आयरिश कवीशी त्यांची भेट झाली. कवितांचे बाड चाळून झाल्यावर कझिन्सने या तरुणाला आपल्या मातृभाषेत लिही, असे सुचवले. तो सल्ला मनावर घेतला गेला. कुवेंपुंच्या 'श्री रामायण दर्शनम्' या महाकाव्याला १९६७ सालचे ज्ञानपीठ मिळाले. कन्नडला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ.

गंमत पाहा, एकाने इंग्रजी सोडली आणि तो मोठा झाला. दुसऱ्याने ती सोडली नाही आणि तोही मोठा झाला. म्हणजे मोठे होण्याचा छापील नमुना नसतो. दोघांच्या लिखाणात मात्र आपल्याच अंगणातली माती आहे. नारायण इंग्रजीत लिहीत, पण त्यांच्या पात्रांच्या घरात कॉफी दरवळते, ओसरीवर आजी बसलेली असते आणि रागावलेला बाप 'चष्मा कुठे आहे?' म्हणून घर डोक्यावर घेतो.

गावाच्या कानात भरलेले सूर

आजीने लावलेली गाण्याची गोडी टिकून राहावी, असेच ते गाव होते. चौथे कृष्णराज वोडेयर स्वतः अनेक वाद्ये वाजवणारे राजे. त्यांच्या दरबारात वीणा शेषण्णांसारखे वादक होते, वासुदेवाचार्यांसारखे रचनाकार होते. सात तारांचे व्हायोलिन वाजवणारे चौडय्या म्हैसूरचेच. कर्नाटक संगीताच्या या माहेरघरात हिंदुस्थानी गायकांनाही मोठा मान होता. आपल्या मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारात गायला जात. दक्षिणेच्या या सहवासाचा त्यांच्या गाण्यावर परिणाम झाला. त्यांनी त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली आहे, ही गोष्ट संगीतप्रेमींना माहीत असेल. भारतात ग्रामोफोनवर गाऊन घराघरांत पोहोचलेल्या पहिल्या गायिका गौहर जान यांनी आयुष्याची अखेर म्हैसूरच्या दरबारी गायिका म्हणून काढली. १७ जानेवारी १९३० रोजी त्यांचे तिथेच निधन झाले.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक छोटे रेडिओ केंद्र सुरू केले आणि त्याला नाव दिले 'आकाशवाणी'. पुढे सगळ्या देशाच्या रेडिओने उचललेले हे नाव एका प्राध्यापकाच्या घरातून आले आहे. सकाळी चहाच्या आधणाबरोबर ज्यांनी वर्षानुवर्षे आकाशवाणीची धून ऐकली, त्यांनी म्हैसूरच्या त्या घराचे मनातल्या मनात आभार मानायला हरकत नाही.

रामनवमी आणि गणेशोत्सवात आजही म्हैसूरला मांडव घालून शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. गणपतीचा मांडव आपल्याकडेही असतो. त्यातल्या ध्वनिवर्धकाचे आपण काय करतो, एवढाच फरक आहे.

धाकट्याची कावळ्यांची चित्रे

या भरल्या घरातले सर्वांत धाकटे भावंड म्हणजे १९२१ साली जन्मलेले आर. के. लक्ष्मण. थोरल्या नारायण यांच्यात आणि त्यांच्यात पंधरा वर्षांचे अंतर. हा धाकटा घरातल्या जमिनीवर, भिंतींवर, दारांवर चित्रे काढत सुटे. कावळा हा त्याचा लाडका विषय. गल्लीतल्या क्रिकेट संघाचा तो कप्तान होता. त्या पोरांच्या उचापतींवरून नारायण यांनी कथाही लिहिल्या. थोरला लिहीत होता आणि धाकटा अंगणात दंगा करून त्याला कच्चा माल पुरवत होता!

लक्ष्मण यांच्या वाट्यालाही नकार आलाच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेत घेण्याजोगे गुण यांच्या चित्रांत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर आले. मग म्हैसूरलाच राहून त्यांनी महाराजा कॉलेजातून बी. ए. केले. शिकत असतानाच 'द हिंदू'मध्ये छापून येणाऱ्या भावाच्या कथांना ते चित्रे काढून देत. पुढची कथा मराठी वाचकांना ठाऊकच आहे. ज्या मुंबईने प्रवेश नाकारला, त्याच मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बाळ ठाकरे यांच्या शेजारी बसून त्यांनी व्यंगचित्रे काढली. नंतर 'टाइम्स ऑफ इंडिया'त पन्नासहून अधिक वर्षे चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला त्यांचा 'कॉमन मॅन' काही न बोलता सगळे सांगत राहिला. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या 'कॉमन मॅन'चा पुतळा पुण्यातही आहे आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारीही.

एका घरातल्या दोघांना दोन संस्थांनी आपापल्या मोजपट्टीवर कमी ठरवले. घराने मात्र दोघांनाही कमी लेखले नाही. या सगळ्या हकिगतीतली महत्त्वाची गोष्ट हीच आहे, असे मला वाटते. परीक्षक आपल्या जागी चूक होते असेही नाही. त्यांना जे मोजायचे होते, ते त्यांनी मोजले. त्या मोजमापात जे बसत नव्हते, ते जपून ठेवायचे काम घराचे होते.

आजीने काढलेला मुहूर्त

बी. ए. नंतर काय, हा प्रश्न नारायण यांच्यापुढेही होताच. एम. ए. करावे असे मनात होते. पण साहित्य विषय घेऊन एम. ए. केलेस तर साहित्याची गोडीच उडून जाईल, असे एका मित्राने बजावले आणि त्यांनी तो नाद सोडला. शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथे हेडमास्तरांनी कवायतीच्या मास्तरांच्या जागी उभे राहायला सांगितले, तेव्हा स्वारी नोकरी सोडून परत घरी! आता लेखकच व्हायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

त्या काळी भारतात राहून इंग्रजीत कथा लिहून पोट भरायचे, हा विचार ऐकून कुठल्या घरात आनंद झाला असता? पण पुरसवाक्कमची आजी इथेही पाठीशी उभी होती. सप्टेंबर १९३० मधला चांगला दिवस तिने काढून दिला. त्या दिवशी नारायण यांनी एक वही विकत आणली आणि लिहायला बसले. काय लिहावे म्हणून विचार करत असताना एक छोटेसे रेल्वे स्टेशन डोळ्यांपुढे आले आणि त्याबरोबर मालगुडी नावाचे गाव. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी अशी सुरू झाली. परीक्षेला घाबरणारा, क्रिकेटचा संघ काढणारा, करड्या बापाचा धाक असलेला आणि रात्री आजीच्या कुशीत शिरून गप्पा मारणारा स्वामी आपल्यापुढे आला. घरातलीच माणसे घरातल्याच अंगणातून कागदावर आली होती.

कागदावर आली, पण छापणार कोण? लंडनच्या प्रकाशकांकडून हस्तलिखित परत येत राहिले. लेखनातून पहिल्या वर्षी झालेली कमाई होती नऊ रुपये बारा आणे. शेवटी कंटाळून नारायण यांनी ऑक्सफर्डला शिकत असलेल्या मित्राला कळवले की, ते बाड दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाक. मित्राने तसे केले नाही. त्याने ते ग्रॅहॅम ग्रीन या इंग्रज लेखकाला दाखवले. ग्रीनला ते इतके आवडले की त्याने प्रकाशक मिळवून दिला आणि १९३५ साली कादंबरी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' आली, तीही कॉलेजच्या मुलाचीच गोष्ट.

पुढचे दिवस सुखाचेच होते असे नाही. १९३७ साली वडील गेले आणि घराचा भार भावांवर आला. १९३९ मध्ये पत्नी राजम विषमज्वराने गेली. लग्नाला जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि मुलगी लहान होती. नारायण खचले, लिखाण थांबले. त्या लहान मुलीला वाढवण्यासाठी पुन्हा तेच भरले घर धावून आले. हे दुःख पोटात घेऊन लिहिलेली 'द इंग्लिश टीचर' ही कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. 'द गाइड'ला १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि देव आनंद यांच्या चित्रपटाने ती गोष्ट घरोघरी नेली.

संसदेत दप्तराची गोष्ट

१९८६ साली नारायण यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. एवढा मोठा साहित्यिक संसदेत काय बोलणार, याची लोकांना उत्सुकता होती. १९८९ मध्ये ते बोलले ते शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर! वाकलेल्या पाठी, सकाळपासून रात्रीपर्यंत शाळा-गृहपाठ-शिकवणी यांत जुंपलेली पोरे आणि त्यांच्याकडून हिरावून घेतलेला खेळण्याचा, स्वप्ने बघण्याचा वेळ त्यांनी सभागृहापुढे मांडला. त्यावर देशभर चर्चा झाली. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ साली आला.

तेव्हा नारायण ऐंशी वर्षे ओलांडून गेले होते. साहित्य, भाषा, संस्कृती अशा भारदस्त विषयांवर ते सहज बोलू शकले असते. पण म्हैसूरचे तळे आणि ते एक मोकळे वर्ष ज्याने अनुभवले, त्याला मुलांचा वेळ हाच सर्वांत महत्त्वाचा विषय वाटला.

आपल्या घरापुरते

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नापास झाले की मोठा लेखक होता येते, असा या हकिगतीचा अर्थ कुणी काढू नये. त्या वर्षी म्हैसूरला आणखीही मुले नापास झाली असतील आणि त्यांची नावे आज कुणाला माहीत नाहीत. शिवाय नारायण यांचे घर भाग्याचे होते. वडिलांच्या हाती ग्रंथालय होते, घरात दोन वेळची ददात नव्हती आणि मुलाने एक वर्ष घरी बसणे परवडत होते. प्रत्येक घराला हे परवडत नाही. घरात कमावणारा एकच असेल तर मुलाचे वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे त्या आईलाच कळते. तिला कुणी फुकटचा उपदेश करू नये.

पण या कथेतले पुष्कळसे असे आहे की ज्याला पैसे पडत नाहीत. नापास मुलाशी नेहमीच्या आवाजात बोलायला काय खर्च येतो? त्याच्यासमोर दुसऱ्याच्या मुलाचे गुण न मोजायला काय लागते? हातात दिसेल ते पुस्तक वाचू द्यावे. गावातल्या वाचनालयाची वर्गणी आजही एका सिनेमाच्या तिकिटाहून कमीच असते. संध्याकाळी त्याला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत किंवा टेकडीपर्यंत चालत जावे आणि त्या फेरीत अभ्यासाचा विषय काढू नये. गाणे चालू राहू द्यावे. घरात आजी असेल तर तिच्याजवळ त्याला बसू द्यावे. आज्यांना निकालपत्रक वाचता येत नसेल, पण नातू वाचता येतो.

मुलांनाही सांगावेसे वाटते की, मोकळा वेळ मिळाला तर तो मोबाइलच्या पडद्याला देऊन टाकू नका. नारायण यांनी त्या वर्षात काही मोठे काम केले नाही. त्यांनी वाचले, पाहिले, ऐकले आणि थोडे खरडले. पण रोज केले आणि मन लावून केले.

म्हैसूरला गेलात तर राजवाडा पाहालच, वृंदावन बागही पाहाल. तासभर वेळ काढून यादवगिरीलाही जा. नारायण यांनी पुढे बांधलेले घर तिथे आहे. २०११ साली ते पाडायला सुरुवात झाली होती. लोकांनी आवाज उठवला म्हणून ते वाचले आणि महापालिकेने २०१६ साली तिथे संग्रहालय केले. त्यांची पुस्तके, चष्मा, कपडे अशा साध्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. घरात ज्याचा निकाल बरा लागला नसेल, त्याला आवर्जून बरोबर न्या. वरच्या मजल्यावर नारायण बसून लिहीत ती अर्धगोल खिडक्यांची खोली त्याला दाखवा आणि थोडा वेळ तिथे एकटे उभे राहू द्या.